सिंधूचा नळ

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी फाट्यावर येऊन उभी राहिली. अण्णा टपावर ट्रंक चढवणाऱ्याला खालून सूचना देत होते, दोरी अशी घे, तशी घे, आणि तो ऐकत नव्हता. आई माझ्याकडे न बघता माझा पदर सारखा करत होती. पदर आधीच नीट होता, तरी करत होती. गाडी सुरू झाली तेव्हा एवढंच म्हणाली, "नळ मिळंल गो तुला. शेजार तेवढा बघून घे."

मला तेव्हा राग आला होता. लोकांच्या आया सासू-सासऱ्यांबद्दल चार शब्द सांगतात, तब्येतीला जप म्हणतात, निदान रडतात तरी. माझ्या आईला लेक पाठवताना शेजार सुचला. शेजार म्हणजे काय वांगी आहेत, दाबून बघून घ्यायला?

शालू, तू घरातली धाकटी, तेव्हा फाट्यावरच्या दगडावर बसून माझ्या रुखवतातला लाडू खात होतीस, तुला यातलं काही आठवायचं नाही. म्हणून लिहिते आहे. तू मागे राहिलीस, मी निघाले. आणि आपल्या गावातून माझ्यामागोमाग ज्या कोणी डोंबिवली, कल्याण, ठाण्याला आल्या, त्यांनीही हे वाचावं, कारण आपण सगळ्या एकाच बाईच्या नादाला लागून आलो. त्या बाईचं नाव सिंधू. ती विलायतेत राहायची.

आपल्याकडे वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी सरकारी प्रचाराची गाडी यायची, ती तुला आठवत असेल. शाळेच्या पटांगणात दोन बांबू रोवून पांढरा पडदा ताणायचे. फिल्मा बहुतेक जुन्या, इंग्रजांनी काढलेल्या. इंग्रज गेले, फिल्मा गाडीतच राहिल्या असाव्यात. शिंकताना रुमाल कसा धरावा. गाईचं दूध बाटलीत कसं भरतात. घरामागच्या वाफ्यात बटाटे कसे लावावेत. आता रत्नागिरी जिल्ह्याच्या सड्यावर, जिथे कातळाला कुदळ लागत नाही, तिथे बटाट्यांचं कौतुक कोणाला सांगता? पण बघायचो आम्ही, अगदी तोंड उघडं टाकून. एक पुरुष नाकातून इंग्रजी बोलत असायचा. ते गाडीवाल्यालाही कळायचं नाही. म्हणून तो आवाज बारीक करायचा आणि भोंग्याचा माईक अण्णांच्या हातात द्यायचा. अण्णा गावचे मास्तर. इंग्रजी त्यांनी घरच्या घरी कंदिलाखाली गिरवलेलं. किती येत होतं ते देवाला माहीत, पण माईक हातात आला की अडखळायचे नाहीत.

पुरुष पडद्याच्या पुढे बसायचे आणि आम्ही बायका पडद्याच्या मागे. तशी रीतच होती. पडदा कापडाचा, चित्र मागूनही दिसायचं, फक्त उलटं. उजव्या हाताने जेवणारा साहेब आम्हाला डाव्या हाताने जेवताना दिसायचा. भागीरथी काकूला कित्येक दिवस वाटत होतं की इंग्रज डावखुरेच असतात. बोलणारे अण्णा पुढच्या बाजूला असायचे. आम्हाला दिसायचे नाहीत, नुसता भोंग्यातला आवाज.

त्यातली एक फिल्म गावाने डोक्यावर घेतली. एक धुराने काळी झालेली गल्ली, चाळीसारखी एकाला एक चिकटलेली घरं, पायऱ्यांवर बसलेल्या बायका. मग एक भला मोठा लोखंडी गोळा येतो आणि भिंती पाडतो. मग नव्या कोऱ्या इमारती. आणि त्यातल्या एका स्वयंपाकघरात एक बाई. ती नळ सोडते, पाण्याखाली हात धरते, आमच्याकडे वळते आणि काहीतरी बोलते.

अण्णा म्हणाले, "ही सिंधू. सिंधू सांगते आहे की आता तिला पाण्याला जावं लागत नाही. पाणी घरात येतं. दुपारची ती निवांत निजते. म्हणते, तुम्ही पण या."

पडद्यामागून भागीरथी काकू ओरडली, "मास्तर, हिच्या कपाळाला कुंकू का नाय? घोव हाय ना?"

"आहे. कामावर गेलाय. त्यांच्यात लावत नाहीत."

"आणि सासू?"

"सासू वेगळी राहते."

"सुटली बाय," काकू म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

आम्हाला त्या वेळी वहाळापर्यंत उतरून पाणी आणावं लागायचं. हंडा डोक्यावर, कळशी कमरेला आणि ती कातळातली घाटी. तुला आठवतं ना, उन्हाळ्यात तळाशी उतरून वाटीवाटीने भरायचो ते? अशा बायकांना कोणी नळ दाखवला तर काय होणार? पुढच्या खेपेला गाडी आली की त्या आधी विचारायच्या, "सिंधू आणलीत काय?" आणली नसली तर अर्ध्या उठून घरी जायच्या. माझ्यासाठी डोंबिवलीचं स्थळ आलं तेव्हा मुलगा कसा आहे, घरात माणसं किती, यातलं मी काही विचारलं नाही. विचारलं ते हेच, की नळ आहे का. अण्णा म्हणाले, "आहे." मी हो म्हटलं.

डोंबिवलीला तेव्हा स्टेशनपासून थोडं चाललं की भातखाचरं लागायची. त्या खाचरांच्या कडेला आमची चाळ. पहिल्याच संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, नळ कुठे आहे? ह्यांनी मोठ्या अभिमानाने मला गॅलरीत नेलं आणि चाळीच्या पार टोकाला बोट दाखवलं. साऱ्या चाळीत मिळून एक नळ. त्याच्यापुढे हंडे, बादल्या, डालड्याचे डबे असे ओळीने मांडलेले, जसे काही लग्नाच्या पंगतीला बसलेत. पाणी यायचं पहाटे, आणि तेही त्याच्या मनात आलं तर. मी ह्यांना काही बोलले नाही. मनातल्या मनात सिंधूला मात्र जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या रांगेत माझ्यापुढची बाई मागे वळून म्हणाली, "नवीन ना गं तू? हंडा माझ्यामागे ठेव. आणि बादली दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नकोस, परत मिळायची नाही." ही नलू. साताऱ्याकडची. तिच्या तोंडात तेव्हा मिश्री होती आणि कडेवर मूल. माझा प्रशांत झाला तेव्हा माझं पाणी तिने भरलं. तिचे मिस्टर अंथरुणाला खिळले तेव्हा तिचं मी भरलं. आम्ही जेवढं भांडलो तेवढं मी ह्यांच्याशीही भांडले नाही. पुढे त्याच गल्लीत बिल्डिंग झाली तेव्हा दोघींनी तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर घरं घेतली. घरात नळ आला. मी काही सिंधूसारखी हसले नाही, कारण तोवर सवयच लागली होती. चार वाजता आपोआप जाग यायची आणि समोरच्या दारात नलूही उठून बसलेली असायची. मग चहा. बाकी मंडळी झोपलेली.

आता मूळ मुद्द्यावर येते. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. पाडून टॉवर होणार. लिफ्ट येणार, चोवीस तास पाणी येणार, सगळं येणार, पण तोवर तीन-चार वर्षं तुम्ही कुठेही जाऊन राहा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे तरुण, टाळ्या वाजवत होते. म्हाताऱ्या बायकांना पाठीमागच्या खुर्च्या दिलेल्या. आम्हाला पाठीमागची सवय आहे म्हणा.

प्रशांत म्हणाला, "आई, प्रश्नच नाही, तू ठाण्याला माझ्याकडे." त्याचा फ्लॅट घोडबंदर रोडला, बाविसाव्या मजल्यावर. मुलगा चांगला आहे, सून माझं सगळं करते, नात मुक्ता तर माझी लाडकी. पण शालू, मी तिथे पंधरवडा काढून आले आहे. मजल्यावर चार दारं आणि चारही बंद. चपलांच्या रॅकवरून मी ओळखते की इथे लहान मूल आहे आणि इथे कोणीतरी सकाळी पळायला जातं. बेल वाजली की पार्सलवाला. एकदा मी समोरच्या बाईला दारात गाठून विचारलं, "कुठल्या तुम्ही?" तर ती म्हणाली, "काही प्रॉब्लेम आहे का आंटी?" मी नाही म्हटलं आणि दार लावून घेतलं. आणि एवढं करून पाणी टँकरचं. खाली टँकर उभा राहतो, पाइप लावतात, आणि व्हॉट्सॲपवर निरोप येतो की आज जपून वापरा. इतकी वर्षं मागे टाकून बाविसावा मजला चढले ते कशासाठी?

नलूचा मुलगा तिला शहाडला नेणार होता. आठवा मजला, लिफ्ट. नलूचे गुडघे कामातून गेलेत. गणपतीपासून ती खाली उतरली नव्हती, म्हणून लिफ्ट म्हटलं की तिचे डोळे चमकायचे. पण रात्री माझ्याकडे येऊन बसायची आणि विचारायची, "शहाडवरून ठाण्याला यायला काय करायचं गं?" मी तिला म्हटलं, तुला दारातून जिन्यापर्यंत यायला काय काय करावं लागतं ते आधी बघ. यावर तिने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

अशात मुक्ता कॉलेजचं काम घेऊन माझ्याकडे राहायला आली. ठाण्याच्या कॉलेजात ती फिल्मांचं काहीतरी शिकते. तिला त्या जुन्या इंग्रजी माहितीपटांवर लिहायचं होतं, त्या काळात इंग्लंडात जे छोटे छोटे काढायचे. दिवसभर कानात बोंडं घालून लॅपटॉपपुढे. मी मागून चहा घेऊन गेले तर पडद्यावर लोखंडी गोळा भिंत पाडत होता. मी म्हटलं, "थांब. पुढे एक बाई येईल, नळ सोडेल."

बाई आली. पण ती सिंधू नव्हती. म्हणजे तसाच एप्रन, तसेच केस, पण काहीतरी भलतंच. नळ चुकीच्या हाताला. मी कितीतरी वेळ बघत राहिले, मग एकदम लख्ख झालं. म्हटलं, "मुक्ता, हे उलटं करता येतं का गं? आरशात दिसतं तसं?" तिने काहीतरी दाबलं. आणि समोर सिंधू. साठ वर्षांत एक सुरकुती नाही बाईला.

"ही काय बोलते ते सांग," मी म्हटलं. मला ते पाठ होतं, पण नातीच्या तोंडून ऐकायचं होतं.

मुक्ताने पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. मग म्हणाली, "आजी, आधी तो माणूस सांगतो की नवी घरं किती छान आहेत. मग ही म्हणते की हो, नळ आहे, सगळं आहे, तक्रार नाही. पण जुन्या गल्लीत दार उघडंच असायचं. इथे दार वाजलं की मला दचकायला होतं. दुपारी चहा करते आणि हाक कोणाला मारू ते कळत नाही."

"निजते म्हणत नाही? दुपारची?"

"नाही."

"तुम्ही पण या, असं?"

"आजी, असं कशाला म्हणेल ती?"

माझं डोकंच फिरलं. अगं, ह्या बाईच्या शब्दावर अख्ख्या गावच्या मुली शहरात आल्या, आणि ही म्हणते मला करमत नाही? आणि आपले अण्णा. त्यांना ते कळलं नव्हतं, की कळून बदललं? दोन दिवस मी त्यांच्या फोटोकडे बघून बोलत होते. फोटोला मी हार घालायची नाही म्हटलं. मुक्ता म्हणाली, आजी, हार प्लास्टिकचा आहे, तो कायमच असतो.

मग मी तुला फोन केला. तू काय म्हणालीस ते आठवतं? म्हणालीस, "आता काय वर जाऊन विचारणार हायस त्यांना? आणि सिंधूनं काय तुला हाताला धरून नेलं होतं? तुलाच जायचं होतं गो. माझ्या घरात आता चार नळ हायत. तुमच्या ठाण्याला म्हणं टँकर लागतो." आणि हसत सुटलीस. वर विचारलंस, "घरी कधी येतेस?" शालू, तू दर फोनला हे विचारतेस. कुठलं घर, ते एकदा ठरव आणि मग विचार.

मुक्ताने हा सगळा प्रकार नलूला जाऊन सांगितला. झालं. रविवारी दुपारी चारच्या सुमारास नलू आणि खालच्या मजल्यावरच्या दोघी माझ्या पुढच्या खोलीत हजर. मुक्ताने फिल्म टीव्हीवर लावली, उलटी नव्हे, सरळ. काळी गल्ली आली, गोळा आला, भिंत पडली तेव्हा नलू म्हणाली, "आपली अशीच पाडणार?" मग सिंधू नळापाशी आली आणि बोलायला लागली.

"काय म्हणते?" नलूने विचारलं.

मुक्ताने तोंड उघडलं. मी तिला म्हटलं, "तू थांब. मी सांगते."

खरं सांगते शालू, मी खरं तेच सांगणार होते. पण नलूने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते, दुखतं तिथे दाबून. दहा दिवसांनी ती त्या आठव्या मजल्यावर जाणार होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "म्हणते, फार बरं झालं. लिफ्ट आहे, पाणी आहे. गुडघ्यांना आराम पडला. दुपारी छान झोप लागते."

मुक्ता माझ्याकडे बघतच राहिली. मी टीव्हीकडे बघत राहिले. तेव्हा मला अण्णा कळले. हंडे वाहून घट्टे पडलेल्या बायका पडद्यापलीकडे बसलेल्या, त्यांच्या बांगड्या अण्णांना ऐकू येत असणार. त्या बायकांना कसं सांगायचं, की जिच्या घरात नळ आहे ती बाई सुखी नाही?

पण नलू काही टीव्हीवरून नजर काढेना. तिला इंग्रजीचा गंध नाही. ती म्हणाली, "सुमन, गप्प बस. बाई रडायच्या बेताला आलीय आणि तू लिफ्ट लिफ्ट करतेस. तोंड बघ तिचं."

आणि मला फाटा दिसला, एसटी दिसली. आई पडद्यामागे बसायची. तिला अण्णा दिसत नव्हते, नुसता आवाज. समोर होतं ते सिंधूचं तोंड, उलटं का होईना. अण्णा सांगत होते ते तिने ऐकलं आणि समोर होतं ते बघितलं. नवऱ्याला चार बायकांत खोटं पाडलं नाही. लेकीला मात्र गाडीत बसवताना शेजाराचं सांगितलं. आणि मी इतकी वर्षं मनात धरून बसले होते की आईला निरोपाचं दुसरं काही सुचलं नाही.

"मी शहाडला जात नाही," नलू म्हणाली.

"मग कुठे जातेस?"

"ते तू सांग. तू शिकलेली."

"मी सातवी पास."

"मग? मी तर शाळेची पायरी बघितलेली नाही."

हे असं. मग पुढचा सगळा आठवडा मला वणवण करावी लागली, हिचं काय जातंय बोलायला. शेवटी आमच्याच गल्लीत मागच्या बाजूला एका जुन्या घरात तळमजल्यावर शेजारी-शेजारी दोन खोल्या मिळाल्या. घरमालक इथलेच जुने, पूर्वी त्यांची शेती होती. मालकीणबाई म्हणाल्या, "दोघी म्हाताऱ्याच रहाणार? भांडाल." मी म्हटलं, त्याची काळजी तुम्ही करू नका, त्याचा आम्हाला सराव आहे.

नलूचा मुलगा चिडला, प्रशांत त्याहून चिडला. प्रशांत येऊन खोली बघून गेला. भिंतीला ओल, खिडकीत गज, बाथरूम एवढुसं. म्हणाला, "आई, ठाण्याला तुझी वेगळी खोली ठेवली आहे. आणि इथे पाणी पहाटे तासभर येतं, ते तरी माहीत आहे का तुला?"

"माहीत आहे."

"मग भरणार कोण?"

"नलू आधी उठते. ती लावते माझी बादली."

त्याने गाडीतून माझी गादी काढून आत आणून टाकली. अण्णांचा फोटो त्यानेच लावला, वाकडा लावला, मी अजून सरळ केलेला नाही. शनिवारी तो येतो, मी दर महिन्याला चार दिवस ठाण्याला जाते आणि समोरच्या बाईला मुद्दाम नमस्कार करते. आता ती हसते थोडी.

तर शालू, तू विचारतेस घरी कधी येतेस. येईन. उन्हाळ्यात येईन, तुझ्या चारही नळांचं पाणी पिईन, आईच्या जुन्या जागेवर बसेन. पण तिथून परत येईन. सध्या मी ही खोली धरून बसले आहे. दुपारी चहा टाकते आणि मधल्या भिंतीवर थापटते. पलीकडून नलू ओरडते, "आले गं." आणि मग तिचे ते गुडघे, ती काठी, ती चप्पल सापडत नाही, दार उघडताना कोणीतरी दिसतं म्हणून त्याच्याशी बोलत उभी राहते. माझा चहा गार होतो. रोज गार होतो. मी रोज तिला बोलते, आणि उद्या पुन्हा थापटते.